सहा वर्षं योरुबातून: इफेचा प्रयोग जिंकला, तरी पसरला का नाही?

जानेवारी १९७० मध्ये नायजेरियाचं यादवी युद्ध संपलं. देशापासून फुटून निघालेल्या बियाफ्राने शस्त्रं खाली ठेवली त्याच महिन्यात, युद्धाच्या प्रदेशापासून बऱ्याच लांब, देशाच्या नैऋत्य भागात एक शांत प्रयोग सुरू झाला. जागा होती इले-इफे शहराला चिकटून असलेलं मोदाकेके, तिथली सेंट स्टीफन्स 'ए' प्राथमिक शाळा. पहिलीत आलेल्या काही मुलांना सहावीपर्यंत सगळे विषय योरुबातून, म्हणजे त्यांच्या मातृभाषेतून, शिकवायचे आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवायचा. तुलनेसाठी दुसऱ्या एका वर्गातल्या मुलांना नेहमीच्याच रीतीने शिकवायचं. इफे विद्यापीठाच्या (आजचं ओबाफेमी आवोलोवो विद्यापीठ) शिक्षण विभागाने हे आखलं, फोर्ड फाउंडेशनने पैसा पुरवला, आणि या सगळ्यामागचे कर्तेधर्ते होते प्राध्यापक अलियू बाबाटुंडे फाफुनवा.

मातृभाषेतून शिक्षणाच्या बाजूने लिहिणारी मंडळी जगभर या प्रयोगाचा दाखला देतात. 'बघा, योरुबातून शिकलेली मुलं पुढे गेली' असं म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. मला त्यापुढचा भाग जास्त शिकण्यासारखा वाटतो. प्रयोगाचे निकाल चांगले आले, तरी तो गावोगावी पोचला नाही. योरुबा आज चार कोटींच्या आसपास लोकांची भाषा आहे. तिच्यात वर्तमानपत्रं निघतात, सिनेमे निघतात, निवडणुका लढवल्या जातात. आणि तरीही लागोस किंवा इबादानमधल्या कितीतरी शिकल्यासवरल्या घरांत आजी योरुबात विचारते आणि नातवंड इंग्रजीत उत्तर देतं. वर्गात जिंकलेली भाषा घरात मागे का पडते, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं.

तीन वर्षं की सहा?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इफेत योरुबा माध्यम विरुद्ध इंग्रजी माध्यम अशी झुंज लावलेलीच नव्हती. त्या भागातल्या प्राथमिक शाळांत पहिली तीन वर्षं योरुबातूनच शिकवत आणि चौथीपासून इंग्रजी माध्यम सुरू होई. तुलनेच्या वर्गालाही तेच होतं. म्हणजे प्रश्न एवढाच होता की चौथीत माध्यम बदलायचं की नाही.

हा प्रश्न का पडला हे समजायला १९५५ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी ओबाफेमी आवोलोवोंच्या पश्चिम प्रांत सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं. शाळा मुलांनी भरून गेल्या. पण त्यातली पुष्कळ मुलं सहावीनंतर थांबायची, कुणी शेतावर, कुणी दुकानात, कुणी उमेदवारीला. फाफुनवांचं म्हणणं असं की सहा वर्षांतली तीन वर्षं एका भाषेत पाया घालायचा, आणि तो जरा घट्ट होतोय तोच मुलाला दुसऱ्या भाषेत ढकलायचं, तीही अशा शिक्षकाच्या हाताखाली ज्याचं स्वतःचं इंग्रजी यथातथाच. अशा मुलाला सहावीच्या शेवटी धड इंग्रजी येत नाही, धड योरुबा लिहिता येत नाही. शाळा सुटली की वाचणंही सुटतं.

योरुबा काही लिपीविना पडून राहिलेली भाषा नव्हती, हे इथे सांगितलं पाहिजे. गुलामगिरीतून सुटून पुढे बिशप झालेले सॅम्युएल अजायी क्राउदर यांनी १८४३ मध्येच तिचा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला होता. १८५९ मध्ये आबेओकुटात योरुबा वर्तमानपत्र सुरू झालं, १८८४ पर्यंत संपूर्ण बायबल योरुबात आलं. लेखनाचे नियम ठरवायला १८७५ मध्ये लागोसला बैठकही भरली होती. म्हणजे आमची भाषा शाळेच्या कामाची नाही, असं म्हणायला फारशी जागा नव्हती. तरी शाळेच्या आवारात योरुबा बोललं म्हणून छडी खाल्लेल्यांच्या किंवा दंड भरलेल्यांच्या आठवणी तिथे घरोघरी आहेत. 'व्हर्नाक्युलर', म्हणजे देशी भाषा, बोलणं हा गुन्हाच. आपल्याकडे मागच्या पिढ्यांत 'व्हर्नाक्युलर फायनल' पास झालेला माणूस गावात मास्तर होई, त्याला मान असे, आणि तिकडे त्याच शब्दाने पोराच्या हातावर वळ उठत. अर्थात आपल्या आजच्या काही इंग्रजी शाळांना त्यावर हसायचा अधिकार नाही.

वर्गात काय घडलं

अभ्यासक्रम पाच भागांत बांधला होता: योरुबा भाषा, गणित, विज्ञान, समाज व संस्कृती, आणि इंग्रजी. पहिल्या चारांसाठी पाठ्यपुस्तकं, शिक्षकांच्या हातपुस्तिका, संज्ञा असं जवळपास सगळं नव्याने तयार करावं लागलं. त्यासाठी शिक्षकांना वेगळं प्रशिक्षण दिलं. इंग्रजीसाठी वेगळे, त्याच विषयात तयार केलेले शिक्षक नेमले. इंग्रजी ही या मुलांची दुसरी भाषा आहे, तर ती दुसऱ्या भाषेसारखीच शिकवावी, म्हणजे गणिताच्या तासाला गणितासोबत इंग्रजीशीही झगडावं लागू नये, अशी त्यामागची भूमिका.

संज्ञा घडवण्याचं काम ऐकायला कोरडं वाटतं, पण खरा कस तिथेच लागतो. गणितच घ्या. योरुबात मोजणी विसाच्या पटीत चालते. चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा. मधली दशकं वजाबाकीने येतात: पन्नास म्हणजे तीन विसांना दहा कमी, सत्तर म्हणजे चार विसांना दहा कमी. एककाचंही तसंच. अकरा ते चौदा हे दहात भर घालून होतात, पण पंधरापासून वीस गाठायला किती कमी हे सांगायचं. तेव्हा पंचेचाळीस म्हणायचं तर पन्नासला पाच कमी, आणि तो पन्नास स्वतःच तीन विसांना दहा कमी. म्हणजे एका आकड्यात एक गुणाकार आणि दोन वजाबाक्या. कवड्यांच्या राशी मोजण्याच्या जुन्या पद्धतीत या रचनेचं मूळ असल्याचं मानलं जातं.

मराठी वाचकाला हे अगदीच परकं वाटू नये. एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास म्हणताना आपणही एक वजा करतोच. ते पाचापर्यंत जातात इतकंच. पण सहा वर्षांच्या मुलाला फळ्यावर ४५ लिहून चार दशक, पाच एकक शिकवायचं असेल तर तोंडातला शब्द आणि फळ्यावरचा आकडा दोन दिशांना ओढतात. संख्यांना दशमान पद्धतीची सुटसुटीत नावं द्यावीत, अशा सूचना म्हणूनच योरुबा अभ्यासकांत झाल्या. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. वारसा टिकवायचा म्हणजे शब्द जसाच्या तसा टिकवायचा, की मुलाच्या जिभेवर राहील असा करून टिकवायचा? मला विचाराल तर दुसरं. जो आकडा बाजारात कुणी उच्चारत नाही, तो पुस्तकात कितीही शुद्ध असून काय उपयोग? आज अनेक तरुण योरुबा मुलं बाजारात भाव योरुबात सुरू करतात आणि आकड्यापाशी आलं की इंग्रजीवर उडी मारतात.

समाज आणि संस्कृतीच्या विषयाची गोष्ट उलटी. तिथे योरुबाने काम सोपं केलं. या भाषेत अभिवादनाला अंतच नाही. काम करत असलेल्याला एक अभिवादन, बाहेरून घरी आल्यावर घरात असलेल्याला दुसरं, प्रवासाहून परतलेल्याला तिसरं, नुसता बसलेला असेल त्यालाही एक. वडीलधाऱ्याशी बोलताना आपल्या 'तुम्ही'सारखं आदरार्थी बहुवचन चुकलं तर आईची नजर बसतेच. वडीलधाऱ्यांना अभिवादन करताना मुली गुडघे टेकतात, मुलगे पालथे पडून नमस्कार करतात. वर्ग योरुबात चालतो तेव्हा यातलं बरंचसं वेगळा धडा न घेताच होतं. शिक्षक आत येतात, कुणाला कसं संबोधायचं हे मुलाला दर वाक्यात ठरवावं लागतं. वर्ग इंग्रजीत गेला की उरतं एका सुरात 'गुड मॉर्निंग सर'. मग वर्षातून एकदा शाळा 'कल्चरल डे' भरवते, मुलं हातमागाचं आशो-ओके नेसून येतात, फोटो होतात. आपल्या शाळांतला 'ट्रॅडिशनल डे' डोळ्यांसमोर आणा, वेगळं काही नाही.

मौखिक परंपरेचंही तसंच. इजापा नावाच्या लबाड कासवाच्या गोष्टी संध्याकाळी सांगायच्या, सांगणाऱ्याने 'आलो' अशी साद घालायची आणि मुलांनी ओरडून प्रतिसाद द्यायचा, मधे गाणं आलं की सगळ्यांनी धरायचं. भाषेच्या तासाला ही गोष्ट जशी रंगते तशी भाषांतरात रंगत नाही, कारण गाण्याची चाल आणि शब्दांचे सूर एकमेकांना धरून असतात. योरुबात उंच, मध्यम आणि खालचा असे तीन सूर आहेत; सूर बदलला की शब्दच बदलतो.

निकाल, आणि त्यावरचे आक्षेप

सहा वर्षं योरुबातून शिकलेल्या मुलांची कामगिरी गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि योरुबा या विषयांत तुलनेच्या वर्गापेक्षा सरस निघाली. आणि इंग्रजीतही ती मागे पडली नाहीत, उलट पुढे गेली. शेवटच्या मुद्द्यानेच प्रयोगाचं नाव झालं. फाफुनवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते १९७८ च्या या कामाचं पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं. भाषाशास्त्रज्ञ आयो बामग्बोशे यांनी त्याआधीच १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय वाचकांसमोर मांडले होते.

आक्षेपही आले, आणि ते उडवून लावण्यासारखे नव्हते. प्रयोगातल्या मुलांना नवी पुस्तकं, तयार शिक्षक, शिवाय इंग्रजीचे खास शिक्षक मिळाले. विद्यापीठाची माणसं वर्गात येतजात होती. एवढं लक्ष दिल्यावर कुठलाही वर्ग फुलेल, मग यश योरुबाचं की चांगल्या शाळेचं? १९९३ मध्ये नियी अकिन्नासो यांनी नायजेरियाचं धोरण आणि हा प्रयोग यांची कठोर छाननी केली. दुसरा मुद्दा असा की लिहिण्याची शंभरावर वर्षांची परंपरा आणि कोट्यवधी भाषक असलेल्या योरुबाला जे जमलं ते पाचशेहून अधिक भाषांच्या नायजेरियात सरसकट जमेल का?

दोन्ही आक्षेप मान्य केले तरी एक गोष्ट शिल्लक राहते. 'योरुबातून शिकवलं तर मुलाचं इंग्रजी बुडेल' ही पालकांची सर्वांत मोठी भीती या वर्गांत खरी ठरली नाही. इंग्रजी चांगल्या शिक्षकामुळे सुधारलं असेल, तर त्याचा अर्थ इतकाच की इंग्रजीसाठी माध्यम बदलावं लागत नाही, शिक्षक बदलावा लागतो. माझ्या मते इफेचा सगळ्यांत उपयोगी निष्कर्ष हाच, आणि गंमत म्हणजे तो टीकाकारांच्याच मुद्द्यातून निघतो.

मग अडलं कुठे

वेळ वाईट होती, हे एक कारण. १९७६ मध्ये पश्चिम राज्याचे ओयो, ओगुन आणि ओंडो असे तीन तुकडे झाले. त्याच वर्षी देशभर सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण सुरू झालं आणि वर्गांत मुलांचा लोंढा आला. जिथे नुसता शिक्षक मिळायची मारामार, तिथे खास प्रशिक्षित शिक्षक आणि सहा इयत्तांची नवी पुस्तकं कोण देणार? १९७७ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिकच्या सुरुवातीच्या टप्प्यात मातृभाषा किंवा परिसराची भाषा आणि पुढे इंग्रजी, असं लिहून ठेवलं. म्हणजे प्रयोगाने ज्या वळणावर बोट ठेवलं होतं, तेच वळण धोरणात कायम राहिलं. फाफुनवा स्वतः १९९० ते १९९२ मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले, तरी ते वळण हटलं नाही. २००४ च्या धोरणातही पहिली तीन वर्षं परिसराची भाषा, चौथीपासून हळूहळू इंग्रजी, असंच होतं.

पण मोठं कारण शाळेबाहेर होतं. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले, सरकारी खर्चाला कात्री लागली, सरकारी शाळांची रया गेली. ज्यांना परवडलं त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खासगी नर्सरी आणि प्राथमिक शाळांत घातलं. त्या पालकांना भाषेचा द्वेष नव्हता. त्यांनी हिशेब केला होता: शालान्त परीक्षा इंग्रजीत, विद्यापीठाला इंग्रजीत ठरावीक गुण हवेत, कोर्ट आणि कचेरी इंग्रजीत, लागोसमधल्या शेजाऱ्यांची भाषा इग्बो किंवा हौसा असली तर मधला दुवाही इंग्रजीच. या हिशेबात योरुबातून शिकलेल्या मुलाला कुठला दरवाजा उघडतो, याचं उत्तर इफेच्या प्रयोगाकडे नव्हतं. प्रयोगाने मूल शिकतं कसं हे दाखवलं. पालक विचारत होते पुढे काय. इथे वर्गातला पुरावा कितीही पक्का असला तरी कामी येत नाही, आणि भाषाप्रेमी मंडळी नेमकी इथेच पुरावा आणखी मोठ्या आवाजात सांगत बसतात. आपली मराठी शाळांची चळवळही याला अपवाद नाही.

उलट बाजूने बघा. जिथे योरुबाला अजून काम आहे तिथे ती ठणठणीत आहे. बाजारात बायकांशी भाव करायला, निवडणुकीच्या सभेत, रेडिओवर, सिनेमात, गाण्यात योरुबाशिवाय पान हलत नाही. बीबीसीने फेब्रुवारी २०१८ मध्ये योरुबा सेवा सुरू केली ती वाचक आहेत म्हणूनच. आणि बारसं. आठव्या दिवशी बाळाचं नाव ठेवतात. मध, मीठ, पाणी, कोलाच्या बिया, तिखट मिरीचे दाणे मांडतात. एकेक वस्तू बाळाच्या ओठांना लावून आईला आणि जमलेल्यांना देतात, प्रत्येक वस्तूची प्रार्थना वेगळी. त्या प्रार्थना शब्दांच्या नादावर उभ्या असल्यामुळे इंग्रजीत करायला गेलं की ओठावरचं मीठ नुसतं मीठ राहतं. आजी-आजोबा, काका-मामा आपापलं एकेक नाव देतात. आजोबा वारल्यावर जन्मलेला मुलगा बाबाटुंडे, म्हणजे बाबा परत आले. जुळ्यांत आधी आलेला ताइवो आणि मागून आलेला केहिंदे. तरी थोरला मानतात तो केहिंदेलाच, कारण त्याने म्हणे ताइवोला जग कसं आहे ते बघून यायला पुढे पाठवलेलं असतं. पूर्ण इंग्रजीत वाढणाऱ्या मुलाचंही नाव सहसा योरुबाच असतं. ते नाव लिहिताना सुराच्या खुणा आणि अक्षरांखालचे टिंब मात्र शाळेच्या हजेरीपासून पासपोर्टपर्यंत गळत जातात. लेखक आणि भाषाशास्त्रज्ञ कोला तुबोसुन यांनी २०१६ मध्ये योरुबा नावांचा ऑनलाइन कोश खुला केला आणि खुणांसकट टाइप करता येईल असा मोफत कळफलकही दिला, तो याच दुखण्यावर.

कायदा आणि कोलांटी

सरकारनेही मधल्या काळात हातपाय हलवले. लागोस राज्याने २०१८ मध्ये योरुबा भाषेच्या जतन आणि संवर्धनाचा कायदा केला: सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत योरुबा विषय सक्तीचा, न शिकवणाऱ्या शाळेला दंड. राज्याच्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी सामान्य अभ्यासक्रमात योरुबाचा समावेश करावा, असंही त्यात आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, तो कायदा याचा भाऊ शोभावा. अशा कायद्यांचा उपयोग मी नाकारत नाही. पूर्वी ज्या भाषेवर छडी पडत होती तिला वेळापत्रकात जागा मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण आठवड्यातले काही तास हे माध्यम नव्हे. मुलाला त्या तासात योरुबाचा अभ्यास करावा लागतो, योरुबातून दुसरं काही शिकायला मिळत नाही.

देशपातळीवर ३० नोव्हेंबर २०२२ रोजी तेव्हाचे शिक्षणमंत्री अदामू अदामू यांनी नवं राष्ट्रीय भाषा धोरण जाहीर केलं. प्राथमिकची सहाही वर्षं मातृभाषेतून. फाफुनवांचा आकडा बावन्न वर्षांनी कागदावर आला. मात्र पुस्तकं आणि पात्र शिक्षक तयार झाल्यावरच पूर्ण अंमलबजावणी होईल, असं मंत्र्यांनी त्याच वेळी सांगून टाकलं होतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री तुंजी अलौसा यांनी ते धोरण रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि पूर्वप्राथमिकपासून विद्यापीठापर्यंत इंग्रजी हेच माध्यम ठरवलं. मातृभाषेचा वापर जास्त असलेल्या भागांत शालान्त आणि प्रवेश परीक्षांचे निकाल खराब आहेत, असं कारण दिलं. देशातल्या भाषातज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. परीक्षा इंग्रजीत, मातृभाषेच्या शाळा बहुतेक गरीब सरकारी, त्यांना पुस्तकं नाहीत आणि शिक्षक अपुरे. अशा शाळांची तुलना पैसेवाल्या भागांतल्या शाळांशी केली तर निकालातून भाषा दिसते की गरिबी, हे कसं सांगणार? मोदाकेकेत निदान दोन्ही वर्ग एकाच वस्तीतले होते, एकाच गल्लीत खेळत मोठे झालेल्या मुलांचे. इफेवर 'फार लाड केले, म्हणून जिंकले' असा ठपका ठेवला गेला होता. २०२५ मध्ये ज्या वर्गांना लाड तर सोडाच, जेमतेम पुस्तकही मिळालं नव्हतं, त्यांच्या निकालावरून भाषेला नापास केलं. लागोसचा कायदा राज्याचा आहे, आणि त्यात योरुबा विषय म्हणून आहे, माध्यम म्हणून नाही. त्यामुळे माध्यम इंग्रजी झालं तरी त्या शाळांना योरुबाचा तास घ्यावाच लागेल.